आईला हल्ली गडदच रंग आवडतात, सुजोकवाल्या ताई म्हणतात किडनी कमजोर आहे, खरंच असं कळतं का?

खामल्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथं टाकून राहिली. आई ६७ वर्षांची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही, गोळ्या सुरू आहेत. गुडघे फार दुखतात म्हणून कॉलनीतल्याच एका ताईंकडे सुजोकला (हातापायांवरच्या बिंदूंवर करायचा कोरियन उपचार) जाते. त्या बोटांवर स्केचपेननं रंग लावून देतात, मेथीदाणे नाही तर मूग टेपनं चिकटवून देतात, आईला बरं वाटतं, तिथं चार बायका भेटतात, आमची काहीच तक्रार नव्हती.

मागच्या आठवड्यात त्यांनी आईला विचारलं की तुम्हाला कोणता रंग आवडतो. आई म्हणाली हल्ली काळा, गर्द निळा, वांगी कलर असलंच घ्यावंसं वाटतं. तर ताई म्हणाल्या काळा म्हणजे पाणी तत्त्व, पाणी म्हणजे किडनी, शरीरात ज्याची कमी असते तोच रंग शरीर मागतं, तुमची किडनी कमजोर झाली आहे. झालं, तेव्हापासून आईनं धसका घेतला आहे. आमच्या शेजारच्या काकांचं डायलिसिस तिनं जवळून पाहिलंय, त्यामुळे किडनी म्हटलं की तिला तेच दिसतं.

आणि खरं सांगू का, आईची आवड बदललीच आहे हो. आयुष्यभर अबोली, पिस्ता, फिका आकाशी असलं नेसणारी बाई, दिवाळीत सीताबर्डीला साडी घ्यायला गेलो तर दुकानदारानं काढलेल्या सगळ्या फिक्या साड्या तिनं बाजूला सारल्या, मळकट दिसतात म्हणे, आणि काळ्या काठांची गर्द जांभळी घेऊन आली. वरून संध्याकाळी पाय सुजतात, रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठते, म्हणून मलाही वाटायला लागलं की ताई बरोबर तर नसतील?

तर विचारायचं हे की चिनी, कोरियन, जपानी पद्धतींमध्ये खरोखर आवडत्या रंगावरून आजार ओळखतात का? आणि त्यांनी काळे तीळ, काळे उडीद, काळे मनुके रोज खायला सांगितलेत, ते सुरू करू का? कृपा करून ॲलोपथी विरुद्ध बाकी सगळे असं भांडण नको, ज्यांना खरी माहिती आहे त्यांनीच सांगा.

बोटावरचा_दाणा

ताई, मी स्वतः सुजोक शिकलेली आहे, घरच्या घरी आणि ओळखीच्या लोकांना करते, म्हणून आधी मीच लिहिते. सुजोक काही हजारो वर्षं जुनं नाही, दक्षिण कोरियाच्या पार्क जे वू यांनी १९८० च्या दशकात मांडलं. हात आणि पाऊल म्हणजे अख्ख्या शरीराचा नकाशा असं ते मानतात, अंगठा म्हणजे डोकं, तर्जनी आणि करंगळी म्हणजे हात, मधलं बोट आणि अनामिका म्हणजे पाय. म्हणून तुमच्या आईला मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मधल्या सांध्यावर दाणे लावत असतील, तो गुडघा झाला.

रंगांचं मूळ मात्र जुनं आहे, ते चिनी पाच तत्त्वांतून आलंय. लाकूड म्हणजे हिरवा, यकृत आणि पित्ताशय. अग्नी म्हणजे लाल, हृदय आणि लहान आतडं. माती पिवळी, तिथं प्लीहा आणि जठर. धातू पांढरा, फुप्फुस आणि मोठं आतडं. पाणी काळं, किडनी आणि मूत्राशय. प्रत्येकाचा ऋतू वेगळा, चव वेगळी, भावना वेगळी, पाण्याचा ऋतू हिवाळा, चव खारट आणि भावना भीती. आम्हाला रंग लावायचा असतो तेव्हा कोणता लावायचा हे ठरवताना पेशंटची आवड विचारतात हे खरं आहे.

पण ताई, अशा वेळी "तुमची किडनी कमजोर आहे" असं तोंडावर सांगायचं नसतं. मला शिकवणाऱ्या मॅडम यावर फार कडक होत्या, की आपण रंग लावतो, आपण रोग जाहीर करत नाही. आईंना सांगा की घाबरू नका, दाणे लावत राहा, पण बाकीचं डॉक्टरांनाच विचारा.

सुई_आणि_नाडी

मी ॲक्युपंक्चर करतो, रामदासपेठेत छोटं क्लिनिक आहे, जुनी पुस्तकं भाषांतरातून वाचायची आवड आहे. हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, या परंपरेत रंगाला मोठं स्थान आहे, यात काही शंका नाही. तपासणीच्या चार पद्धतींमध्ये पहिली पाहण्याची, मग ऐकणं आणि वास घेणं, मग विचारणं, आणि शेवटी नाडी व स्पर्श. नान जिंग नावाचा ग्रंथ तर म्हणतो की जो नुसतं पाहून ओळखतो तो सगळ्यात वरच्या दर्जाचा वैद्य. पण पाहायचा रंग कोणता? पेशंटच्या चेहऱ्याचा, कपाटातल्या साड्यांचा नाही! हा फरक आपल्याकडच्या दोन-दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये पार गायब होऊन गेला आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण जे मूळ आहे ते इतकं सुंदर आणि बारकाईचं आहे.

ह्वांगदी नेइजिंग, म्हणजे पीतसम्राटाचा ग्रंथ म्हणतात तो, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला. त्याच्या सु वेन या भागात पाचही रंगांचं चांगलं रूप आणि वाईट रूप दिलंय. हिरवा-निळसर रंग खंड्या पक्ष्याच्या पिसासारखा असेल तर माणूस जगेल, वाळक्या गवतासारखा असेल तर नाही. लाल रंग कोंबड्याच्या तुऱ्यासारखा चांगला, साकळलेल्या रक्तासारखा वाईट. पिवळा खेकड्याच्या पोटासारखा चांगला. पांढरा डुकराच्या चरबीसारखा चांगला आणि सुकलेल्या हाडासारखा वाईट. आणि तुमच्या आईंचा काळा, तो कावळ्याच्या पंखासारखा असेल तर जीवन, काजळीसारखा असेल तर मरण. म्हणजे काळा म्हणजे वाईट असं कुठंच नाही, काळ्यात चमक आहे का ते पाहायचं. कावळ्याचा पंख उन्हात पाहा, आत निळी-जांभळी झाक असते, काजळीत काहीच नसतं. वैद्याला तेवढंच पाहायचंय, त्वचेखालून जिवंतपणा वर येतोय का.

दुसऱ्या एका ठिकाणी तर म्हटलंय की लाली पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या शेंदरी हिंगुळासारखी हवी, नुसत्या गेरूसारखी नको. पांढरा हंसाच्या पिसासारखा हवा, मिठासारखा नको. आणि चेहऱ्याचा नकाशाही आहे, तापात कपाळ आधी लाल झालं तर हृदय, नाक झालं तर प्लीहा, डावा गाल यकृत, उजवा गाल फुप्फुस, हनुवटी किडनी.

आता आवडीचा प्रश्न. आवड विचारतात, होय. विशेषतः पाच तत्त्वांवर भर देणाऱ्या संप्रदायांमध्ये, जपानमध्ये नान जिंगवर आधारलेली मेरिडियन थेरपी (शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या मानून करायचं ॲक्युपंक्चर) १९३० च्या दशकात उभी राहिली तिच्यात, आणि इंग्लंडमध्ये जे. आर. वॉर्स्ली यांनी पसरवलेल्या पद्धतीत, पेशंटला ऋतू कोणता आवडतो, चव कोणती, रंग कोणता हे विचारायची रीत आहे. पण वॉर्स्लींच्या पद्धतीतसुद्धा निदानाचे मुख्य चार खांब म्हणजे चेहऱ्यावरचा रंग, आवाज, अंगाचा वास आणि भावना. आवडता रंग हा त्यांच्या मागून येणारा एक छोटा पुरावा, बाकीच्यांशी जुळला तर धरायचा नाही तर सोडून द्यायचा.

कारण काय? कारण आवड दोन्ही बाजूंनी वाचता येते. काळा आवडला तर पाणी कमी म्हणून शरीर मागतंय, नावडला तर पाणी बिघडलंय म्हणून टाळतंय! दोन्ही उत्तरं किडनीवरच येऊन थांबत असतील तर तो प्रश्न विचारून मिळालं काय? मी पेशंटना रंग विचारतो, पण गप्पा सुरू व्हाव्यात म्हणून. माणूस रंगाबद्दल बोलता बोलता घरचं सांगायला लागतो, झोपेचं सांगतो, मग खरं काय ते कळतं.

आणखी एक फार महत्त्वाचं. या शास्त्रातली किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे. तिच्यात हाडं आली, गुडघे आणि कंबर आली, कान, डोक्याचे केस, म्हातारपणाची सगळी झीज आली. ६७ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला आमच्यापैकी जवळजवळ कुणीही "किडनीची शक्ती कमी" असंच लिहील, त्यासाठी रंग विचारायची गरजच नाही. त्याचा डायलिसिसशी काही संबंध नाही. हे आईंना नीट समजावून सांगा, त्यांची अर्धी भीती तिथंच जाईल.

पण पाय सुजणं आणि रात्री उठणं, हे मी माझ्या क्लिनिकमध्ये ऐकलं असतं तर सुई लावायच्या आधी रक्त-लघवी तपासून आणायला सांगितलं असतं. रंगासाठी नाही, लक्षणांसाठी.

मेडिकल_चौक

एमडी मेडिसिन आहे. वरच्या दादांनी शेवटी जे लिहिलं तेच मी जोर देऊन सांगतो. ताई, शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाची किडनी तशीही वर्षातून एकदा तपासायचीच असते, आवडता रंग कुठलाही असो. सुरुवातीला किडनीचा आजार काहीही लक्षण देत नाही, म्हणूनच.

काय करायचं ते लिहून घ्या. रक्तात सीरम क्रिएटिनीन, त्यावरून लॅबवाले ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, काढून देतात, तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. आणि लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो (अल्ब्युमिन म्हणजे एक प्रथिन), तो ३० च्या आत हवा. बरेच लोक फक्त क्रिएटिनीन करून सुटका करून घेतात, ते पुरेसं नाही, शुगरवाल्यांमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन कितीतरी आधी वाढायला लागतं. सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि हिमोग्लोबिनही करून घ्या.

आता दोन प्रश्न माझे. बीपीची गोळी कोणती? अॅम्लोडिपिन असेल तर पाय त्यानंच सुजत असू शकतात, फार कॉमन आहे. पण वाचून लगेच गोळी बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील. आणि गुडघ्यांसाठी पेनकिलर कोणती आणि किती दिवसांपासून घेतात? मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या गोळ्या महिनोन्महिने खाणारी माणसं मी रोज पाहतो, त्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, अंगात पाणी धरून ठेवतात, बीपीही वाढवतात. तुमच्या आईंच्या बाबतीत मला रंगापेक्षा ही भीती जास्त आहे.

रात्री उठण्याचं म्हणाल तर शुगर वाढलेली असली तरी होतं, आणि दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं त्यानंही होतं.

काळे तीळ, काळे उडीद जेवणात असतात तेवढे खाऊ द्या. पण मनुके रोज मूठभर नको, एक तर शुगर, आणि किडनीचा रिपोर्ट यायचाय, बिघडलेला निघाला तर मनुक्यांतलं पोटॅशियम त्रासाचं ठरतं. आणि कुणी ऑनलाइनवरून हे शौ वू नावाची चिनी काळी मुळी केस काळे करायला, किडनी मजबूत करायला म्हणून सुचवली तर अजिबात घेऊ नका, तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नीट नोंदवलेल्या आहेत. लाल रंग हृदयाचा म्हणून जुन्या औषधांत हिंगुळ वापरायचे, तो पाऱ्याचा सल्फाइड असतो. रंग अंगावर नेसायला काही हरकत नाही, पोटात घ्यायची वेळ आली की त्यात काय आहे हे विचारलंच पाहिजे.

चेहरा पाहण्याबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूनं आहे. आम्हीही तेच करतो. खालची पापणी ओढून फिकेपणा, डोळ्याच्या पांढऱ्यात कावीळ, ओठ-नखं निळसर आहेत का, जुन्या किडनीच्या पेशंटचा तो मातकट फिका चेहरा. वॉर्डात शिरताना पहिल्या पाच सेकंदात जे दिसतं ते शिकायला आम्हाला वर्षं लागतात.

गांधीबागेतला

आमचं गांधीबागेत साड्यांचं दुकान आहे, वडलांपासूनचं. मला चिनी वैद्यक काही कळत नाही पण बायकांची रंगाची आवड हेच आमचं पोट आहे म्हणून लिहून राहिलो.

आवड बदलायची शंभर कारणं असतात. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडं काळ्या साड्या संपतात, मग काय अख्ख्या नागपूरच्या किडन्या जानेवारीत जातात का हो ताई? नवरात्रात रोजच्या रंगाची यादी आली की जी बाई जन्मात राखाडी नेसली नाही ती राखाडी मागते. सून आणते म्हणून आवडतो, टीव्हीत पाहिला म्हणून आवडतो, कुणी मैत्रीण म्हणाली तुला शोभतो म्हणून आवडतो. आणि मी ऐकलंय की चीनमध्ये पांढरा रंग मयताचा आणि लाल लग्नाचा, तिकडच्या म्हाताऱ्या माणसाला पांढरा आवडत नसेल तर त्यात फुप्फुसाचा काय दोष.

पण एक गोष्ट मला खटकली आणि ती सांगायलाच आलो. फिक्या साड्या मळकट दिसतात म्हणाल्या त्या. हे वाक्य आम्ही ठरावीक वयाच्या बायकांकडून नेहमी ऐकतो. नवी कोरी घडी मोडलेली क्रीम कलरची साडी, आणि काकू म्हणतात ही जुन्या स्टॉकची आहे, पिवळी पडली. आम्ही उठून दाराशी उन्हात नेऊन दाखवतो, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो म्हणून, तरी पटत नाही. सोबतची मुलगी म्हणते अगं आई पांढरीशुभ्र आहे. गर्द निळी आणि काळी शेजारी ठेवली तर दोन्ही सारख्याच म्हणतात. माझ्या वडलांचं ठाम म्हणणं असायचं की अशा गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, तिला डोळे तपासायला सांगायचं. तुमच्या आईचे डोळे कधी तपासले?

जुनं_नागपूर

थोडं अवांतर. चिनी वैद्यक म्हणजे कुठलं तरी परकं असं वाटतं आपल्याला, पण १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांचं नाव सगळ्यांना माहीत, चोळकरांचं नागपुरातही किती जणांना माहीत असेल? त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढं १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं, भारतात ही विद्या रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा. हे लोक ॲलोपथीचेच होते, त्यांना दोन्ही एकत्र ठेवायला अडचण आली नाही. मूळ प्रश्न चालू द्या.

खामल्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. मेडिकल चौक सर, बीपीची गोळी अॅम्लोडिपिनच आहे. आणि पेनकिलरचं विचारलं तर आई आधी नाहीच म्हणाली, मग डब्यात पाहिलं तर अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या दोन रिकाम्या स्ट्रिप्स निघाल्या. कामवाली बाई आणून देते म्हणे मेडिकलमधून. सुजोकच्या दिवशी दाणे आणि बाकीच्या दिवशी गोळी, असं चाललं होतं.

गांधीबागवाले दादा, तुमचं वाचून अंगावर काटाच आला. आई हल्ली संध्याकाळी वर्धा रोड ओलांडायला नको म्हणते, गाड्यांचे लाइट अंगावर फुटल्यासारखे येतात म्हणते. आम्ही म्हणायचो वयामुळं घाबरते. सुईत दोरा ओवायला खिडकीशी जाते. चष्म्याचा नंबर कोरोनाच्या आधीचा आहे. हे मोतीबिंदूमुळं असू शकतं का, रंगाची आवडसुद्धा?

लेन्सच्या_आड

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासते, याचं उत्तर मी देते. हो, असू शकतं, आणि तुमचं वर्णन मोतीबिंदूशी फार जुळतंय. वयाबरोबर डोळ्यातली नैसर्गिक लेन्स पिवळी, मग तपकिरी होत जाते. पिवळी लेन्स निळा प्रकाश अडवते. त्यामुळे फिका आकाशी राखाडी दिसतो, पिस्ता आणि क्रीम मळके दिसतात, अबोलीतली नजाकत जाते, आणि डोळ्याला समाधान देणारे उरतात ते गडद आणि ठळक रंग. हे इतक्या हळू होतं की माणसाला स्वतःला कळत नाही, त्याला वाटतं आपली आवड बदलली किंवा हल्ली कपडेच चांगले येत नाहीत.

चित्रकार क्लोद मोनेचं उदाहरण आमच्याकडं नेहमी देतात, मोतीबिंदू वाढत गेला तशी त्यांची चित्रं लालसर-तपकिरी होत गेली आणि १९२३ मध्ये ऑपरेशन झाल्यावर निळा परत आला. माझ्याकडं येणाऱ्या आज्या ऑपरेशननंतर पट्टी काढली की भिंतीकडं बघून विचारतात, रंग दिला का नवीन?

शुगर असेल तर मोतीबिंदू लवकर येतो, शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शुगरचा परिणाम झाला असेल तर निळा-पिवळा ओळखण्यात वेगळीच गडबड होते. म्हणून नुसता नंबर काढून परत येऊ नका, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा तपासून घ्या. थेंबांनी तीन-चार तास धूसर दिसतं, आईंना एकटीला पाठवू नका आणि येताना गॉगल न्या, आपल्याकडचं ऊन सहन होत नाही.

आवडीवर एक संशोधन मला फार पटतं म्हणून सांगते. स्टीफन पामर आणि कॅरेन श्लॉस यांनी २०१० मध्ये मांडलं की माणसाला तो रंग आवडतो ज्या रंगाच्या वस्तू त्याला आवडतात. स्वच्छ आकाश, स्वच्छ पाणी निळं, म्हणून निळा बहुतेक ठिकाणी वरच्या नंबरावर, आणि सडलेल्या, घाणीच्या वस्तूंचे रंग खाली. म्हणजे आवडीत आयुष्य असतं, अनुभव असतात, आणि त्याच्याही आधी डोळा असतो. सुजोकवाल्या ताईंनी प्रश्न चांगला विचारला होता, माझ्या मते. आईंची आवड बदलली हे त्यांच्यामुळेच तुमच्या लक्षात आलं. उत्तर फक्त त्या एका तक्त्यात शोधत बसल्या.

बोटावरचा_दाणा

हे मला आमच्या ग्रुपमध्ये सांगावंसं वाटतंय. यापुढं मी रंग विचारला की सोबत हेही विचारणार, की आधी कोणता आवडायचा आणि कधीपासून बदलला, आणि वय झालेलं असेल तर डोळे तपासले का.

खामल्याची_लेक

अपडेट देते. रिपोर्ट आले. क्रिएटिनीन थोडंसं वर आहे, ईजीएफआर ६४, लघवीतलं अल्ब्युमिन ४८. आमच्या डॉक्टरांनी पेनकिलर पूर्ण बंद केली, बीपीची गोळी बदलली, आणि तीन महिन्यांनी सगळं पुन्हा करायला सांगितलंय. डायलिसिस वगैरे काही नाही म्हणाले तेव्हा आई खुर्चीतच रडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचा जास्त, शुगर थोडी खाली आली की ऑपरेशन. पडदा ठीक आहे.

सुजोकच्या ताईंशीही बोलले, भांडले नाही. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांचं एक म्हणणं मला विचार करायला लावून गेलं, की लघवीत अल्ब्युमिन तर निघालंच नं, मग मी चूक कुठं होते? यावर सुई आणि नाडी दादांचं मत हवंय. आणि पेनकिलर बंद झाल्यानं गुडघे फार ठणकून राहिले, ॲक्युपंक्चरचा उपयोग होईल का?

सुई_आणि_नाडी

रिपोर्ट वेळेत झाले, फार बरं झालं. ताईंच्या म्हणण्याबद्दल, शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या दहा म्हाताऱ्या माणसांना डोळे मिटून "किडनी बघा" म्हटलं तरी त्यातल्या काहींचं काही ना काही निघणारच. मग ते काळ्या रंगानं सांगितलं असं कसं म्हणायचं? त्याच ताईंकडं पिवळा आवडणारी शुगरची बाई गेली असती तर त्यांनी प्लीहा सांगितली असती, किडनी तपासायची राहूनच गेली असती. तक्ता बरोबर आला की नाही हे या एका केसवरून ठरत नाही. अशा कितीतरी बाया त्यांच्याकडं येत असतील ज्यांना लाल आवडतो, हिरवा आवडतो, त्यांच्या किडनीचं काय? मी त्यांच्या जागी असतो तर येणाऱ्या प्रत्येक शुगरवालीला रंग न पाहता हीच तपासणी करायला सांगितली असती, तेवढं केलं तरी कॉलनीवर मोठे उपकार होतील.

गुडघ्यांसाठी ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही, काही लोकांना दुखणं कमी व्हायला मदत होते, झिजलेली गादी परत येत नाही हे आधीच सांगतो. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा ज्यांच्याकडं जाल त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, न लाजता मागा. सुया दर वेळी नवीन पाकिटातून तुमच्यासमोर काढल्या पाहिजेत. शुगर किती आहे, आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का, हे आधीच सांगा. पायाला मुंग्या येत असतील, चटका लागलेला कळत नसेल तर तेही सांगा, कारण मग मोक्साचा (सुकी वनस्पती पेटवून दिलेला) शेक द्यायचा नसतो, भाजलं तरी पेशंटला कळत नाही.

आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा तो. सुया असोत, दाणे असोत, तो व्यायाम रोज झालाच पाहिजे. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली की मात्र सर्जनना विचारूनच बाकी सगळं पुढं चालू ठेवा.